चौकातला देव उजव्या हाताला

किस्से कुणी जमवत नसतं हो, ते आपोआप साचतात. जिनिंगच्या रस्त्याला बाभळी असतात ना, खालून कापसाच्या गाड्या गेल्या की त्यांच्या काट्यांना पुंजके अडकून राहतात. कुणी मुद्दाम लावायला जात नाही. मी धुळ्याच्या नगरपालिकेत ओव्हरसियर होतो आणि माझी बाभूळ म्हणजे आमचा चौक!

आता तुम्ही विषय काढलाच आहे तर ऐका. स्वातंत्र्य मिळून सातआठ वर्षं झाली असतील. एकीकडून आग्रा रोड, दुसरीकडून सुरतेचा रस्ता, तिसरा जळगावकडे जाणारा आणि चौथी बाजारातून येणारी गल्ली. कापसाचा हंगाम लागला की या चौघांची गाठ आमच्या चौकात पडायची. ट्रक, एसटी, टांगे, सायकली, आणि बैलगाड्या तर विचारूच नका. एक गाडी अडली की मागची अडायची, आणि मग सगळे खाली उतरून एकमेकांच्या बैलांना नावं ठेवायचे.

यावर उपाय काढला आमच्या इंजिनियर साहेबांनी. आगाशे त्यांचं नाव, पुण्याचे. स्वभावानं सज्जन, पण कागदावर जे जमलं ते रस्त्यावर जमलंच पाहिजे असा हट्ट. म्हणाले, "चौकाच्या मध्ये मोठा गोल बांधायचा. सगळी वाहनं त्याला वळसा घालून जातील. कुणी कुणाला आडवं येणारच नाही!"

मी, साहेब आणि दोन गडी, असे सकाळी जाऊन आम्ही दोरी धरून चुन्याच्या फक्कीनं गोल आखून आलो. छान पांढराशुभ्र, वाटोळा. साहेब तर मागं सरून सरून बघत होते.

दुसऱ्या दिवशी बांधकामाला गेलो तर गोलात भाजीबाजार भरलेला! मधोमध सीताअक्का पेरूची पाटी घेऊन बसलेली. ही सीताअक्का म्हणजे आमच्या चौकातली जुनी असामी, तिला उठवायची कुणाची छाती नव्हती. साहेबांना बघताच तिनं दोन पेरू काढून पुढं धरले.

"घ्या साहेब. लई बरं केलं तुम्ही. इतकी वरसं उन्हातान्हात बसतो, पन आमाले जागा आखून देनारा म्युनिसिपालटीवाला पहिलाच भेटला!"

साहेब पेरू हातात घेऊन उभे. त्या दिवशी काम झालं नाही.

०००

शेवटी गोल बांधून झाला. कडेनं विटांचा कठडा, आत हिरवळ, आणि मधोमध काळ्या दगडाचा एक गुळगुळीत, वाटोळा पाया. त्यावर मुंबईहून मोठा दिवा येणार होता. तो काही आला नाही, पण पाया तयार होता.

गोलापाशी उभं राहायचं काम झिपरू नानांकडे. पोलीस खात्यातले हवालदार. अंगानं किडकिडीत, आवाज मात्र नशिराबादपर्यंत जाईल असा. आमचं दोघांचं चांगलं जमायचं, कारण गोल माझा आणि गर्दी त्यांची.

पहिल्याच आठवड्यात घात झाला. गोलाला वळसा घालायचा हे कळलं सगळ्यांना, पण कुठल्या बाजूनं? ज्याला जी बाजू जवळ, त्यानं ती धरली. अर्धे डावीकडून, अर्धे उजवीकडून, आणि गोलाच्या पलीकडे सगळे समोरासमोर! नेमकी त्यात डीएसपी साहेबांची जीप अडकली. साहेब भारी कडक. त्यांच्या बुटाचा आवाज आला की कचेरीतली मांजरंसुद्धा अटेन्शनमध्ये बसतात असं म्हणायचे.

जीपमधून न उतरताच ते म्हणाले, "हवालदार, हंगाम संपायच्या आत मी पुन्हा येईन. न सांगता नाही, सांगून येईन. तेव्हा हा चौक असाच तुंबलेला दिसला तर तुमची बदली सातपुड्यात. पहाडात वाहनं नाहीत, तिथं तुम्हाला जमेल."

चौकातले लोक हसले. नाना नाही हसले. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन कठड्यावर बसले.

"ओव्हरसियर भाऊ, मन्ही लीला यंदा मॅट्रिकला शे. आमच्या साऱ्या भाऊबंदांत इथवर शिकलेली पोर नाही. पहाडात बदली झाली तर शाळा कुठून आणू? इथं तिला ठेवू कोणाजवळ? तिची माय नाही."

 गोल तर आम्हीच बांधलेला. तेव्हापासून चौक तुंबला की मीही कचेरीतून धावत यायचो.

०००

आगाशे साहेबांनी मग पट्टे काढायचं ठरवलं. गोलाकडे येणाऱ्या रस्त्यावर पांढऱ्या रंगाचे तीन पट्टे. कडेचा सायकलींना, मधला बैलगाड्यांना, आतला मोटारींना. आता गाडीवाल्यांना वाचता कुठं येतं? म्हणून प्रत्येक पट्ट्याच्या तोंडाशी चित्राची पाटी. रंगारी चांगला गाठला होता. त्यानं बैल असा काढला, असा काढला, की पोळ्याला पूजा करावी!

पाटी लावल्याच्या दुसऱ्या दिवशी बघतो तर मागं हीऽ रांग. पुढं एक म्हातारा गाडी थांबवून पाट्यांकडे बघत बसलेला. नाना ओरडून ओरडून दमलेले.

मी विचारलं, "आबा, जात का नाही तुम्ही?"

"कसा जाऊ?" म्हातारा म्हणाला. "ही सायकलनी, ही बैलनी, ती मोटरनी. मन्हा गाडीले तं हेले शेत. हेल्यास्नी वाट कोनती?"

बघितलं तर खरंच, गाडीला रेडे जुंपलेले. रंगाऱ्याला बोलावून एक रेडा काढून घ्यावा लागला. तो बैलासारखाच दिसत होता, पण म्हाताऱ्याचं समाधान झालं.

०००

या गाडीवाल्यांचं एक असतं. लांबचा पल्ला असला की ते गाडीत आडवे होतात आणि बैल आपले चालत राहतात. बैलांना वाट पाठ असते. पण गोल त्यांना नवा होता ना!

एक दिवस दुपारी चौक जरा निवांत होता. नाना सावलीला उभे. आग्रा रोडनं एक गाडी आली, गोलाला वळसा घालायला लागली. गाडीवाला आत कडब्यावर गाढ झोपलेला. गाडी गोलाभोवती फिरली आणि पुन्हा फिरली. नाना आपले बघतायत. तिसऱ्यांदा आली तेव्हा त्यांना शंका आली. बैल खळ्यावर मळणी करून करून तयार झालेले, वाटोळं दिसलं की फिरत राहायचं एवढंच त्यांना ठाऊक! समोरच्या पेढीवरून कापसाचे व्यापारी चांदमलशेठ उठून बाहेर आले, टांगेवाले गोळा झाले, कुणी गाडी थांबवेना. इतकी शिस्तीत जाणारी गाडी त्या चौकात कुणी बघितलीच नव्हती.

बऱ्याच वेळानं एका टांग्याचा घोडा खिंकाळला आणि गाडीवाला डोळे चोळत उठून बसला.

"पारोळं उनं का, दादा?"

नाना शांतपणे म्हणाले, "नाही भाऊ. अजून धुळंच चालू शे!"

०००

तर मुख्य अडचण राहिलीच होती, की गोल कुठल्या हाताला ठेवायचा. नाना दिवसभर ओरडायचे, "गोल उजव्या हाताला! उजव्या हाताला!" आगाशे साहेबांनी पत्रकं वाटली, दवंडी पिटवली. कुणाच्या डोक्यात शिरेना.

एका सकाळी नानांचा पारा चढला. उलट्या बाजूनं घुसलेल्या एका म्हाताऱ्याच्या बैलांची वेसण धरून म्हणाले, "आबा, मारुतीच्या देवळात जाता ना? मग प्रदक्षिणा कशी घालता?"

म्हाताऱ्यानं हवेत हात फिरवून दाखवला. "अशी. देव उजव्या हाताले."

"मग हाऊ गोल म्हणजे देऊळ समजा आणि तशीच गाडी न्या!"

म्हाताऱ्यानं एकदा गोलाकडे बघितलं, मधल्या काळ्या दगडाकडे बघितलं, हात जोडले आणि गाडी वळवली. मागच्यानं ते बघितलं, त्यानंही वळवली. संध्याकाळपर्यंत सगळा चौक एका दिशेनं फिरायला लागला होता!

मी तर नानांना मिठीच मारली. आगाशे साहेब बघायला आले, त्यांना कारण काही सांगितलं नाही. "लोकांना पटायला वेळ लागतो, पण शास्त्र पटतं," असं म्हणून ते खूश होऊन गेले.

०००

आता देव म्हटल्यावर पुढचं आलंच.

ज्यांना डावीकडे सरळ वळून जायचं, तेसुद्धा आधी पूर्ण वळसा घालायला लागले. नाना म्हणायचे, "अरे बाबा, तुझा रस्ता हा काय, इथंच!" त्यावर उत्तर, "देवाला टाळून कसा जाऊ?"

एसटीच्या एका ड्रायव्हरनं घाई होती म्हणून बाजारच्या गल्लीतून निघून वळसा न घालताच डावीकडे गाडी काढली. गाडीत अमळनेरला लग्नाला निघालेलं वऱ्हाड. बायकांनी आत कल्ला केला. कंडक्टरनं टणटण घंटी मारली. ड्रायव्हर गाडी मागं आणून, देवाला वळसा घालून, मग अमळनेरच्या रस्त्याला लागला. तेव्हा कुठं वऱ्हाड गप्प झालं.

आणि आमचे चांदमलशेठ! यांचे आजोबा मारवाडातून आलेले, कापसाचा मोठा व्यापार. त्यांनी नवी मोटर घेतली. घरच्यांना बसवून ती चौकात आणली आणि गोलाभोवती फेऱ्यांवर फेऱ्या. मागं गाड्या तुंबायला लागल्या तसे नाना धावले.

"शेठ, तुम्ही तर जैन! तुमचा काय संबंध या देवाशी?"

शेठ खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "नाना, देव कोणाचा पण असू दे, मोटर आपली नवी आहे!"

०००

एक दिवस दगडाला शेंदूर लागला. कुणी लावला ते आम्हाला माहीत होतं. पेरू विकणारीच्या बोटांना शेंदूर लागलेला, तो दुसरीकडून कुठून येणार? पण सीताअक्काला विचारायची बिशाद नव्हती.

शेंदूर लागल्यानं एक बरं झालं, हा मारुतीच असं सगळ्यांचं एकमत झालं आणि कुठलाही वाद राहिला नाही. आगाशे साहेबांना मात्र ते समजलं आणि ते तणतणत आले.

"अहो, हा दिव्याचा पाया आहे! नगरपालिकेची मालमत्ता आहे!"

चांदमलशेठ पेढीवर बसल्या बसल्या म्हणाले, "दिवा कुठंय साहेब?"

"मुंबईहून यायचाय."

"मग तो येईपर्यंत देवाला बसू द्या ना. जागा रिकामी कशाला ठेवायची?"

साहेब पाय आपटत कचेरीत परत गेले. पण ते त्यांच्या मनातून गेलं नव्हतं, हे पुढं कळलं.

०००

डीएसपी साहेबांचा निरोप आला. सोमवारी सकाळी येतो, चौक बघतो. नानांनी युनिफॉर्मला कडक इस्त्री केली. लीलाची परीक्षा तोंडावर आली होती. मला म्हणाले, "भाऊ, आता भ्या नाही. चौक कसा पाण्यासारखा चालू शे."

खरंच चालला होता.

इकडे आगाशे साहेबांना वेगळीच धास्ती. एवढा मोठा अधिकारी येणार आणि नगरपालिकेच्या पायाला शेंदूर! शनिवारी त्यांनी माणसं लावून दगड घासून घेतला. सगळा शेंदूर गेला. आतला काळा दगड असा तुकतुकीत निघाला की तोंड दिसावं. मग म्हणाले, हिरवळ सुकलेली दिसते, दोन दिवस पाणी चालू ठेवा. पाणी साचू नये म्हणून दगडाच्या बुडापासून कठड्याच्या बाहेरपर्यंत एक दगडी पन्हळ बसवून घेतली. चौकाचा उतार उत्तरेला, म्हणून पन्हळ उत्तरेला. त्यातून पाण्याची धार निघायची आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या गटारात जायची.

आता तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. काळा, वाटोळा, गुळगुळीत दगड. त्याला उत्तरेकडे तोंड केलेली पन्हळ. पन्हळीतून वाहणारं पाणी. वार सोमवार आणि महाशिवरात्र आठवड्यावर आलेली!

सकाळी मी चौकात पोचलो तेव्हा दगडावर बेलाची पानं होती आणि सीताअक्का डोळे मिटून हात जोडून उभी होती.

मारुतीला पूर्ण प्रदक्षिणा घालतात. महादेवाला नाही घालत. पन्हळीपर्यंत जायचं, तिथलं पाणी ओलांडायचं नाही, आल्या वाटेनं परत फिरायचं. हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं.

पहिली गाडी पाण्याच्या धारेपाशी आली, थांबली आणि माघारी फिरली. दुसरी तशीच. तिसरीला माघारी फिरायला जागाच राहिली नाही, कारण चौथी तोंडाशी येऊन ठेपलेली! परत फिरणारे आणि नवीन येणारे एकमेकांसमोर. पाण्याच्या पलीकडच्या बाजूलाही तीच गत. कापसाच्या गाड्या, टांगे, सायकली हातात धरलेले लोक, मध्ये एक एसटी. तिचा ड्रायव्हर खाली उतरून पाया पडत होता.

नाना या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होते. "अरे, हाऊ मारुती शे! मारुती! जा पुढं!"

एक गाडीवाला शांतपणे म्हणाला, "काल व्हता, नाना. आज म्हादेव शे."

"पाणी नळाचं आहे रे! म्युनिसिपालटीचं!"

"पाणी कोठलं बी ऱ्हावो. म्हादेववरथून उनं ना? मंग ते कोनी वलांडस का?"

मी पळत जाऊन नळ बंद केला. काय उपयोग! दोन दिवस भिजलेली हिरवळ, धार काही थांबेना. परत आलो तर नाना कठड्याला टेकून उभे होते. इस्त्रीची घडी घामानं मोडली होती. 

"भाऊ, गेलं," ते म्हणाले. "लीलाचं मॅट्रिक गेलं."

मला रडू यायचंच बाकी होतं. आणि आग्रा रोडनं जीपचा हॉर्न ऐकू आला.

डीएसपी साहेब ड्रायव्हरशेजारी बसले होते. हॅट, हातात छडी. समोरचा तमाशा बघून त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. जीपमधूनच ओरडले, "हवालदार! हे चाललंय काय? सांगून आलो होतो ना मी? वाट काढा आधी, मग बोलू आपण!"

 नानांनी शिट्टी तोंडात धरली आणि जीव तोडून वाट काढायला लागले. एकेका बैलाला खांद्यानं रेटलं, टांगे कडेला दाबले, एसटी चार हात मागं घेतली. बैलगाड्यांच्या मधून जीपपुरती फट पडली. जीप गोलाला उजव्या हाताला ठेवून अगदी नियमानं पुढं सरकली आणि पाण्याच्या धारेपाशी येऊन थांबली.

ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर. तो साहेबांकडे बघेना, समोर बघत राहिला.

साहेबांनी छडी उचलली. "चल ना! थांबलास का?" असं काहीतरी म्हणणार, तेवढ्यात त्यांची नजर दगडावर गेली. बेलाची पानं बघितली. पन्हळ बघितली. पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते बघितलं. चौकात एवढी माणसं, पण बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांशिवाय आवाज नाही. आगाशे साहेब पुढं होऊन सांगायला लागले, "सर, इट इज ओन्ली अ लॅम्प..." त्यांच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

डीएसपी साहेबांनी हॅट काढली आणि मांडीवर ठेवली.

"बघतोस काय?" ते ड्रायव्हरला हळूच म्हणाले. "मागं घे."

जीप मागं आली, वळली, आणि गोल डाव्या हाताला ठेवून साफ उलट्या बाजूनं निघाली. असं जाणाऱ्याला झिपरू नाना एरवी सोडत नसत. त्यांनी एका हातानं समोरून येणाऱ्या गाड्या थांबवल्या, दुसऱ्या हातानं सॅल्यूट ठोकला. जीप त्यांच्या समोरून जाताना साहेबांनी मान वळवली नाही, फक्त छडी कपाळाला लावली.

लीला त्याच वर्षी मॅट्रिक झाली. धुळ्याच्याच शाळेतून.